नववी ‘ब’ची खबरबात

भाषेच्या बाईंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि शिक्षा मला झाली.

आमच्या शाळेत नववी ‘ब’चा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. भाषेच्या बाईंना निवृत्तीला आठच महिने उरले होते. एका सोमवारी त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “आता यापुढे ते वर जायला तयार नाहीत.” ते म्हणजे गुडघे. वर्गातल्या मुलांना हे कळताच सहा जण खुर्ची घेऊन खाली धावले. बाईंना खुर्चीत बसवून वर न्यायचा त्यांचा बेत होता. शिपाईमामांनी वेळेवर अडवलं नसतं, तर शाळेला दोन-चार पोरंही गमवावी लागली असती. बाईंनी रजा टाकली, ती निवृत्तीपर्यंतची.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. “नववी ‘ब’ तुम्ही घ्या. वर्गशिक्षिका म्हणून.”

मी गणिताची बाई. सव्वीस वर्षं शिकवतेय. मुलं मला मागून ‘काटकोन’ म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि मी ते कौतुकच समजते. काटकोनात वाईट काय आहे? सगळ्या इमारती त्याच्याच जिवावर उभ्या असतात. त्यामुळे बावन्न पोरांचा एक वर्ग सांभाळणं मला काही अवघड वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले. बावन्न जण उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे, दाराकडे पाहिलं. पाहुणे मागून येताहेत आणि मी त्यांची पुढे आलेली बॅग आहे, असा तो भाव होता. थोडा वेळ तसेच उभे राहिले बिचारे. मागून कुणी येत नाही अशी खात्री पटल्यावर बसले.

“तू, खिडकीजवळचा, फळा पूस,” मी म्हणाले. खिडकीजवळ चौघे होते, चौघेही उठले. “तू नव्हे रे, तो!” म्हटल्यावर चौघेही बसले. तेव्हा पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी, जी वर्गाची मॉनिटर होती, अगदी नम्रपणे म्हणाली, “बाई, भाषेच्या बाईंना पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ झाली होती.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती. टोमण्याला उत्तर देता येतं. माहितीला काय देणार?

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. माझा आधीचा वर्ग याच वर्गाला लागून होता. मधे एक भिंत. भाषेच्या बाईंच्या तासाला त्या भिंतीतून हशा यायचा. बाई काहीतरी म्हणायच्या, मग एक पोरगं काहीतरी म्हणायचं आणि मग बावन्न जण एकदम हसायचे. माझ्याकडे त्याच वेळी समीकरणं चाललेली असायची आणि इतकी शांतता असायची की खडूचा आवाज मोठा वाटावा. मी त्या हशाबद्दल मुख्याध्यापकांकडे दोनदा लेखी तक्रार केली होती. आता सांगायला हरकत नाही, तक्रार आवाजाबद्दल नव्हतीच.

घरी येऊन मी जाहीर केलं की आठ दिवसांत बावन्न नावं पाठ करणार. आमचे हे पोस्टातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं पत्रं वेगळी केलेली. ते पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, “नावं पाठ करायची नसतात. पत्ते पाठ करायचे. माणूस बदलतो, पत्ता बदलत नाही.”

मला हे पटलं. मी रविवारभर बसून वर्गाचा नकाशा काढला. पट्टी लावून, तीन रांगा, प्रत्येक चौकोनात एक नाव. शुक्रवारपर्यंत पहिली रांग पाठ झाली. सोमवारी उत्साहाने वर्गात गेले, तर रांगा बदललेल्या. दर पंधरा दिवसांनी मुलांच्या जागा फिरवायच्या, म्हणजे मान आणि डोळे एकाच बाजूला वळून बिघडत नाहीत, असा शाळेचा नियम आहे. तो नियम सहा वर्षांपूर्वी शिक्षकसभेत मांडला होता मीच.

ही बातमी घरी आमच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. समोरच्या दारातले विमा एजंट काका चहा प्यायला आले आणि त्यांनी स्वतःचं शास्त्र सांगितलं. “वहिनी, मला चार हजार गिऱ्हाइकांची नावं तोंडपाठ आहेत. नावाचा अर्थ घ्यायचा आणि त्याचं चित्र माणसाच्या डोक्यावर ठेवायचं. बस्स!”

“डोक्यावर?”

“डोक्यावर. नाव सागर असेल तर डोक्यावर समुद्र.”

आता नववी ‘ब’त एक उंच, हडकुळा मुलगा होता. त्याच्या नावाचा अर्थ उजेड असा होता. मी त्याच्या डोक्यावर एक कंदील ठेवला. चांगला पेटता, काचेचा. चित्र इतकं पक्कं बसलं की दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात म्हणाले, “कंदील, ऊठ, तिसरं गणित सोडव.”

तो उठलाही. मग जे हसणं फुटलं ते हसणंच, पण मला हवं होतं ते नव्हे. भिंतीपलीकडून यायचं ते हसणं बाईंच्या बरोबरचं असायचं. हे माझ्यावरचं होतं आणि त्या मुलाच्या वाट्याला फुकट आलं होतं. चौथ्या दिवशी त्याची आई भेटायला आली. “बाई, घरी आता त्याची आजीसुद्धा त्याला कंदील म्हणते. तो ओ देतो, हीच पंचाईत आहे.”

मी माफी मागितली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, फोटो बघा ना सरळ! माझ्या नणंदेने सासरची साठ माणसं फोटोवरून पाठ केली होती.” प्रवेशअर्जावर फोटो असतात, तेव्हा मी शाळेच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाले, “अर्ज करा.” मी अर्ज केला. ते म्हणाले, “दोन प्रतींत.” दोन प्रती दिल्या, तर मुख्याध्यापकांनी शेरा मारला: पालकांची संमती घ्यावी. बावन्न चिठ्ठ्या पाठवल्या, एकतीस परत आल्या. त्यातल्या एकीवर वडिलांची सही होती आणि खाली त्याच अक्षरात लिहिलं होतं, “बाई, ही सही बाबांचीच आहे.” बाकीच्यांच्या मागे लागून पंधरा दिवसांनी एकदाचे फोटो हातात आले.

फोटो पहिलीच्या प्रवेशाच्या वेळचे होते. बावन्न पोरं, सगळी सहा वर्षांची, सगळ्यांचे केस पाणी लावून चापून बसवलेले आणि निम्म्यांचे पुढचे दोन दात पडलेले. मी ती दातपडकी मंडळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली आणि आठवडाभर भाजी परतताना पाठ केली. पाठही झाली. वर्गात गेल्यावर त्यातलं एकही मूल तिथे नव्हतं. तिथे मिसरूड फुटलेले आणि आरशात बघून आलेले असे भलतेच लोक बसले होते.

शेवटी मी पुठ्ठ्याच्या पाट्या करून आणल्या. प्रत्येकाने आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहून बाकावर उभं करायचं. ही युक्ती मात्र लागू पडली. मी पाटी वाचायची, नाव घ्यायची, मूल उठायचं. तीन आठवड्यांत मला पाट्यांकडे बघावंही लागेना. मी नावाने हाक मारत होते, नावाने शाबासकी देत होते. मला वाटायला लागलं की आता कुठल्याही दिवशी तो हशा येईल.

आले ते शाळातपासनीस साहेब. मागच्या बाकावर बसून त्यांनी माझा तास पाहिला. मी त्या दिवशी इतक्या सफाईने नावं घेतली की मुख्याध्यापकांचा चेहरा फुलून आला. तास संपताना साहेबांनी शेजारच्या मुलाची वही सहज उघडली. वहीवर एक नाव आणि पाटीवर दुसरं. साहेबांनी विचारलं, “बाळ, तुझं नाव काय?”

मुलाने पाटीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “कुठलं सांगू?”

पहिल्या दिवशी गंमत म्हणून सगळ्यांनी पाट्यांची अदलाबदल केली होती. मॉनिटर मुलगी नंतर खाली मान घालून म्हणाली, “दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो बाई. पण तुम्ही इतक्या खूश दिसायला लागलात, की मग कुणाचा जीवच होईना.”

मुख्याध्यापक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “बाई, तुमच्या गणिताबद्दल प्रश्न नाही. पण मुलं अजून भाषेच्या बाईच कधी येणार म्हणून विचारतात. सहामाहीपर्यंत बघू. नाहीतर दुसरं कुणी वर्गाला देऊ.”

मी व्हरांड्यातून चालत निघाले. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक वर्ग काढून घ्यायची वेळ कधी आली नव्हती. आणि गंमत बघा, तो वर्ग मला नको होता म्हणून सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. आता कुणी नेईल म्हटल्यावर तो सोडवेना.

त्या बुधवारी मी भाषेच्या बाईंच्या घरी गेले. मानाचा प्रश्न होता, पण मान आता उरला होता कुठे? त्या तळमजल्यावर एकट्याच राहायच्या. खिडकीशी खुर्ची, खुर्चीला टेकवलेली काठी, गुडघ्यांवर शाल. मी बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, “डावखुरी अजून शेजारणीच्या वहीवर कोपर ठेवते का?”

“कोण डावखुरी?”

“बरं, तो पेन चावणारा? गेल्या वर्षी निळी जीभ घेऊन फिरायचा. सुटली का सवय?”

“असेल सुटली,” मी म्हणाले.

“असेल म्हणजे?”

एवढ्या वर्षांत वर्गात मी हा प्रश्न किती पोरांना विचारला असेल! तो आपल्याला विचारला की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. त्यांनी आणखी पाच-सहा जणांबद्दल विचारलं. मला एकाचंही सांगता येईना. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी त्यांच्याकडे युक्ती मागायला गेले होते आणि त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या, की जणू मी परगावाहून पत्र घेऊन आलेय आणि पाकीट रिकामं निघालंय.

“उद्या बघून सांगते,” मी म्हणाले.

“उद्या याल?” त्यांनी पटकन विचारलं आणि मग स्वतःच ओशाळून म्हणाल्या, “सवडीने या. मला कुठे जायचंय?”

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले ती गणित शिकवायला नव्हे, बातमी काढायला. डावखुरी सापडली. कोपर अजून शेजारणीच्या वहीवरच होतं, फक्त शेजारीण बदलली होती आणि भांडण जुनंच चालू होतं. पेन चावणाऱ्याने पेन सोडून शर्टाची कॉलर धरली होती. मी संध्याकाळी जाऊन हे सांगितलं. बाई इतक्या हसल्या की काठी घसरून पडली. “कॉलर! अरे देवा. आणि त्याची आई रोज ती धूत असेल!”

त्यांनी मला आणखी चार जणांचं काम दिलं. मग दर बुधवारी आणि शनिवारी माझी फेरी ठरून गेली. मी तिथे हजर व्हायची आणि त्या खिडकीतून वाट बघत असायच्या. चहा आधीच झाकून ठेवलेला. रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटायची, म्हणून मी मधल्या सुट्टीत वर्गात रेंगाळायला लागले. कंदिलाला गणित येत नाही, पण तो सायकलची साखळी मिनिटात बसवतो. मॉनिटर मुलगी घरी तीन लहान भावंडांचा अभ्यास घेते, म्हणून तिला माहिती देण्याची सवय. सही करणाऱ्या महाशयांचे बाबा वर्षातले दहा महिने बाहेरगावी असतात. सही त्यांचीच आहे असं तो का लिहितो, ते तेव्हा समजलं. त्याला मी काही बोलले नाही. नुसतं म्हटलं, “अक्षर छान आहे हं तुझं.” तो चार दिवस माझ्याकडे बघून हसत होता.

या भानगडीत नावं कधी पाठ झाली ते मला ठाऊक नाही. एके सकाळी मी पायऱ्या चढत असताना मागून शिंक ऐकू आली आणि मी मागे न बघता शिंकणाऱ्याला नाव घेऊन म्हणाले, “रुमाल विसरलास ना आजही?” त्याने “हो बाई” म्हटलं आणि आम्ही दोघेही जागीच थांबलो.

एक शनिवार मात्र वेगळा गेला. मी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीचं नाव घेतलं. भाषेच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “तिचं मला काहीच आठवत नाही हो,” त्या म्हणाल्या. “नाव माहीत आहे. चेहराही दिसतो. पण तिच्याबद्दलचं दुसरं काहीच नाही. वर्षभर माझ्यासमोर बसली ती. ती राहूनच गेली माझ्याकडून.” त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं होतं त्यांच्याकडून कुणीच राहिलं नसेल.

सोमवारी मी त्या मुलीजवळ जाऊन बसले. “भाषेच्या बाई तुझी चौकशी करत होत्या. त्यांना काय सांगू?”

“माझी?” तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, “माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही बाई.”

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तास संपत आला असताना ती माझ्या टेबलाजवळ आली. “बाई, त्यांना सांगा, मला घड्याळ न बघता तास संपायची वेळ कळते.” तिने एक बोट वर केलं, डोळे मिटले, बोट खाली आणलं आणि घंटा झाली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. हे ऐकून भाषेच्या बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “म्हणजे माझा तास कधी संपतोय, हे वर्षभर तिला ठाऊक होतं! आणि मला वाटायचं, पोरं रमलीयेत.”

सहामाही झाली. मुख्याध्यापक वर्गात आले आणि म्हणाले, “मुलांनो, तुम्हाला दुसरे वर्गशिक्षक द्यायचा विचार आहे.” मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. मॉनिटर मुलगी उठली. “नको सर. बाईंना आमच्याबद्दल फार कळून चुकलंय. आता आणखी कुणाला कळायला नको.” तेव्हा एकदाचा तो हशा आला. बावन्नांचा. मुख्याध्यापकही हसले. मी मात्र चष्मा पुसायला डोळ्यांशी हात नेला, आणि तेव्हा कळलं की मी तो घातलाच नव्हता.

पुढच्या बुधवारी भाषेच्या बाईंनी सांगितलं की त्यांची मुलगी त्यांना न्यायला येतेय. तिच्या गावी गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं आणि मग तिथेच राहायचं. “इथे एकटीने किती दिवस काढणार?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “बरोबर आहे.” दुसरं काय म्हणणार? निरोपाच्या वेळी त्या माझा हात सोडेनात. “सगळं कळवत राहा. बारीकसारीक.”

त्या गेल्यावरच्या पहिल्या बुधवारी शाळेतून निघून मी सवयीने त्यांच्या दारापर्यंत गेले. खिडकी बंद होती. माझ्याजवळ सात बातम्या होत्या आणि सांगायला कुणी नव्हतं. घरी येऊन यांना सांगून बघितल्या. यांनी मन लावून ऐकल्या आणि कंदिलाचं कोपर डावखुरीच्या वहीवर नेऊन ठेवलं. माणूस चांगला आहे, पण पत्त्यांचा आहे.

मग मी पत्र लिहायला बसले. हजेरीपटाच्या क्रमाने, बावन्न जणांबद्दल काही ना काही. नऊ पानं झाली. पत्र पोस्टात टाकलं आणि रोज दुपारी पेटी बघायला लागले. हे म्हणाले, “अगं, आठ दिवस तरी लागतील.” मी म्हटलं, “पस्तीस वर्षं तुम्ही काय केलंत मग?”

सोळा दिवसांनी उत्तर आलं. ऑपरेशन झालं होतं. अक्षर जरा हललेलं होतं. चार ओळींचंच पत्र होतं: बावन्न जणांचं वाचलं, दोनदा वाचलं, डॉक्टरांनाही वाचून दाखवलं. आणि शेवटी लिहिलं होतं, “तुमच्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. तुम्ही कशा आहात?”

त्यावर काय लिहायचं ते मला सुचेना. कागद घेऊन तीन दिवस बसले. ‘मी मजेत आहे’ एवढं लिहून झालं आणि तेही खोडलं. अखेर कागद वर्गात घेऊन गेले आणि म्हणाले, “भाषेच्या बाईंनी माझी खुशाली विचारलीय. काय लिहू?”

मला वाटलं होतं, बघतील एकमेकांच्या तोंडाकडे. पण बावन्न हात वर झाले.

“लिहा, बाईंना गणित चुकलं की त्या आधी खडूकडे रागाने बघतात.”

“लिहा, बाई डब्यातली पोळी दुमडून तिचा त्रिकोण करतात आणि मगच खातात.”

“लिहा, बाई पावसात छत्री उघडताना डोळे मिटतात,” कंदील म्हणाला.

“लिहा, बाई माझी सही ओळखतात.” हा कोण ते सांगायला नको.

मी भराभर लिहीत होते. आपल्यावर एवढी माणसं एवढं लक्ष ठेवून आहेत, हे वयाच्या पन्नाशीनंतर कळणं बरं नव्हे, लेखणी नीट धरता येत नाही. लिहून झालं असं वाटलं तेव्हा शेवटच्या बाकावरून हळू आवाज आला.

“बाई, अजून एक लिहा. शाळा सुटल्यावर सगळे गेले की तुम्ही दारात थांबता. रिकाम्या वर्गाकडे एकदा वळून बघता आणि मगच जाता. रोज.”

“तुला काय माहीत?”

“मी जिन्यात थांबलेली असते,” ती म्हणाली.

मी तेही लिहिलं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ठरवलं, आज मुळीच वळून बघायचं नाही. दार ओढलं, पर्स खांद्याला लावली आणि ताठ चालत निघाले. व्हरांड्याच्या मध्यापर्यंत जमलं.